तेलाला हात लावायचा नाही

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. तिथे पितळेचे नळ आणि व्हॉल्व्ह बनत. पितळ आकारानं लहान, वजनाला जड, आणि फाटकाबाहेर दोन मिनिटांवर विकलं जातं. म्हणून सुटीच्या वेळी कामगारांचे डबे आणि पिशव्या तपासायचं कामही माझ्याकडेच होतं. सात वर्षांत मला दोनदा माल सापडला. एकदा डब्यात भाताखाली, एकदा मिटलेल्या छत्रीत. माणसं दोनच. पण त्या दोघांकडे बघावं तसं मी सात वर्षं रोज सगळ्यांकडेच बघत आलो, आणि ती नजर घरी येताना काढून ठेवता येत नाही. बायको म्हणायची, "अहो, भाजीवाला वजन करताना त्याच्या हाताकडे असे बघत जाऊ नका. नंतर मला तो कोथिंबीर देत नाही."

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्याचा दोष मी बरीच वर्षं एका शब्दावर ढकलत आलो आहे.

आमची बोरिवलीची कॉलनी एका जुन्या वाडीच्या जमिनीवर उभी राहिली होती. वाडीचे मालक म्हातारे झाले होते. त्यांना आम्ही वाडीवाले आजोबा म्हणायचो. त्यांच्याकडे आता गोठा, चिकूची काही झाडं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेला एक ट्रॅक्टर एवढंच उरलं होतं. स्वातंत्र्यानंतर लगेच विलायतेहून मागवलेला, रॉकेलवर चालणारा. तो बघायला आमच्या कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष गेले आणि तिथून त्यांच्या डोक्यात जुन्या शेतीचा मेळा शिरला. अध्यक्ष बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या डोक्यात काही शिरलं की कॉलनीला ते करावंच लागे.

"आपली पोरं भात झाडाला लागतो म्हणतात," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "दाखवा त्यांना. मोट दाखवा, पाभर दाखवा, बैलगाडी दाखवा."

"आणि बैल कुठनं आणायचे साहेब?" मंडपाचं काम बघणारा माझा मित्र म्हणाला. "नॅशनल पार्कातनं?"

जानेवारीतला एक शुक्रवार, शनिवार आणि रविवार ठरला. जागा शेजारच्या शाळेचं मैदान. वसई-पालघरकडून तीन जुने ट्रॅक्टर ट्रकवर घालून आले, पण ते नुसते उभे राहणार होते. चालू होण्याची शक्यता असलेला एकच, आमच्या वाडीवाल्यांचा. आणि त्याच्याबद्दल अध्यक्षांनी आणि शाळेच्या ट्रस्टनं मिळून एक गोष्ट ठरवली होती. रविवारी समारोपाला पाहुण्यांना ट्रॉलीत बसवून ट्रॅक्टरनं मैदानाची एक फेरी पूर्ण केली, तर शाळा त्याला मैदानाच्या कडेला कायमची शेड बांधून देणार. शेडला लागून एक खोली, आणि खोलीत राहून त्याची देखभाल करणारा एक माणूस. फेरी झाली नाही, तर सोमवारी भंगारवाल्याचा ट्रक येणार. आजोबांच्या मुलाला गोठ्याची जागा मोकळी करून हवी होती.

तो एक माणूस म्हणजे मामा. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. साताऱ्याकडचे, साठीचे, काटक, खाकी पँट आणि वर गंजिफ्रॉक. विशीत ते वाडीवर आले आणि पुढची वीस वर्षं हाच ट्रॅक्टर त्यांनी चालवला. शेतं गेली तशी नोकरी गेली. मग टेम्पो चालवला, एका गोडाऊनवर रखवाली केली. आता गोवंडीला मुलीकडे राहत होते. बायको कधीच गेली होती. मीटिंगमध्ये अध्यक्षांनी खोलीचं सांगितलं तेव्हा मामा उभेच होते. खुर्ची दिली तरी बसले नव्हते.

"खोली लहान असली तरी चालंल," ते म्हणाले. "जावई माणूस चांगलाय. पण त्याच्या घरात मला उचकी लागली तरी मी बाहेर जाऊन पाणी पितो."

कोणी हसलं नाही. मला आठवतं, त्या वेळी मी मनात म्हणालो, या माणसाला गरज आहे. आमच्या धंद्यात गरज असलेल्या माणसावर जास्त लक्ष ठेवायचं असतं.

इंधन माझ्या ताब्यात आलं, ते मी स्टोअरकीपर म्हणून. रॉकेल बाहेर सहज मिळायचं नाही. कॉलनीत निम्म्या घरांत अजून गॅस नव्हता, नंबर लागायचा होता. तरी बायकांनी आपापल्या रेशनच्या कोट्यातून अर्धा-अर्धा लिटर काढून दिलं. आमच्या घरातून बायकोनं पूर्ण लिटर दिलं आणि त्या आठवड्यात आंघोळीचं पाणी एकदाच तापलं. ते सगळं दोन मोठ्या कॅनमध्ये भरून मी मंडपामागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. पेट्रोलचा एक लहान डबाही ठेवला. कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात.

इथे तो शब्द सांगायला हवा. आमच्या घरात, खरं तर आमच्या अख्ख्या जिन्यात, खायचं ते गोडंतेल, डोक्याला लावायचं ते खोबरेल. नुसतं तेल म्हणजे रेशनचं रॉकेल. "दुकानात तेल आलंय" अशी हाक खालून आली की कॅन घेऊन धावायचं, एवढंच आम्हाला माहीत.

गुरुवारी दुपारी मामांनी ट्रॅक्टर सुरू केला. पुढच्या बाजूला हँडल लावून ते फिरवायला लागले. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, नाहीतर उलट फटका बसला की मनगट जातं, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं. चौथ्या झटक्याला धूर आला आणि आवाज झाला. मैदानात खांब रोवणारे लोक थांबून बघायला लागले. मामांनी बॉनेटवर हात ठेवला होता. त्यांचे डोळे ओले झाले होते, पण तो धूरही असेल, असं मी तेव्हा धरून चाललो.

हा ट्रॅक्टर सुरू व्हायला पेट्रोल लागायचं. इंजिन तापलं की नळ फिरवून तो रॉकेलवर घ्यायचा. इथवर मला पटलं. पण संध्याकाळी बंद करायच्या आधी मामांनी परत पेट्रोल मागितलं.

"आता कशाला? आता तर बंद करायचाय."

"बंद करायच्या आधी दोन मिनटं पेट्रोलवर चालवायचा साहेब. म्हणजे आत पेट्रोल भरून राहतं. सकाळी गार इंजिन राकेलवर उठत नाही."

बोलणं सरळ होतं. मी त्यांना बाटलीभर पेट्रोल दिलं आणि ते टाकीत ओतेपर्यंत शेजारी उभा राहिलो. बाटलीत तळाला थोडं उरलं ते त्यांनी फडक्यावर ओतून हात पुसले. माझ्या मनात आलं, उरलं ते परत द्यायची पद्धत असते.

शुक्रवारी मेळा सुरू झाला. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली. कांदिवलीच्या, मालाडच्या शाळा आल्या. मोटेभोवती मुलांची रांग, पेरणीच्या पाभरीपाशी मास्तर चुकीची माहिती देत होते आणि चारकोपकडचा एक म्हातारा शेतकरी त्यांना दर वाक्याला दुरुस्त करत होता. ट्रॅक्टरनं दिवसभरात सात-आठ लहान फेऱ्या मारल्या. रिकामी ट्रॉली, हळू चाल. मी पत्र्याच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून होतो. तिथून मला ट्रॅक्टर दिसत होता आणि मामाही.

शनिवारी सकाळी मी थोडा लवकर गेलो. मामा ट्रॅक्टरखाली आडवे झाले होते. खाली एक पाच लिटरचा पत्र्याचा डबा होता आणि कसला तरी नळ उघडल्यासारखा बारीक आवाज येत होता. मला बघून ते बाहेर आले, डब्याचं झाकण लावलं आणि फडक्यानं हात पुसत म्हणाले,

"निम्मं तेल काढलं साहेब. कालपण काढलं होतं."

"का?"

"रोजच काढावं लागतं."

असं म्हणून ते डबा उचलून मंडपाच्या मागून गेले. मागच्या बाजूला शाळेचं लहान फाटक होतं, ते रस्त्याला लागायचं. दहा मिनिटांनी ते हात हलवत परत आले. डबा नव्हता.

मी ट्रॅक्टरपाशी गेलो. जमिनीवर ओला काळा डाग होता. मातीत सगळंच काळं दिसतं. मी वाकून बोट लावलं आणि वास घेतला. रॉकेल. अगदी स्पष्ट, आमच्या स्टोव्हला येतो तोच वास.

त्या क्षणी मला राग आला नाही, हे मला सांगितलं पाहिजे. मला बरं वाटलं. फाटकावर सात वर्षं उभं राहून दोनदाच आला होता तो आनंद मला झाला. माणूस तोंडावर सांगून माल नेतो, म्हणजे किती सराईत असेल, असंही वाटलं. दिवसभर मी त्यांच्यावर लक्ष ठेवलं. रॉकेलची टाकी दुपारी भरली तेव्हा माझ्या अंदाजापेक्षा जास्त मावलं. जुन्या इंजिनाला किती लागतं याचा मला काहीच अंदाज नव्हता, पण अंदाजापेक्षा जास्त, हे मी नक्की केलं.

दुपारी जेवणाच्या वेळी मी मंडपवाल्या मित्राच्या कानावर घातलं.

"मामा तेल काढतो."

"कसलं?"

"आपलं. बायकांनी दिलेलं."

तो पुरी तोडत म्हणाला, "काढू दे ना यार. त्याच्या मुलीकडे स्टोव्हच असेल. दोन-चार लिटरनं काय होणार? ट्रॅक्टर चालला ना, झकास."

"तुझ्या घरातून किती दिलंय?"

"आमच्याकडे गॅस आहे."

"म्हणूनच," मी म्हणालो.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला शेवटची फेरी झाली. त्या दिवशी पंधरा फेऱ्या झाल्या असतील. ट्रॉलीत पोरं भरून. मामा ट्रॅक्टर जागेवर आणून चालूच ठेवून माझ्याकडे आले आणि पेट्रोलच्या बाटलीसाठी हात पुढे केला.

"आज नाही," मी म्हणालो. "सकाळी देतो. सुरू करायला लागेल तेवढं."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. "साहेब, आत्ता घातलं नाही तर सकाळी..."

"सकाळी बघू."

मागे इंजिन धडधडत होतं. शेजारच्या स्टॉलवरचे दोघं-तिघं आमच्याकडे बघायला लागले होते. मामा एक पाऊल जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बरं, पेट्रोलचं राहू द्या. पण आज तेल लई पातळ झालंय. सकाळी काढून टाकतो."

"पातळ का झालं, ते मला माहीत आहे," मी म्हणालो. मला वाटलं होतं, काढलेलं लपवायला ते टाकीत काहीतरी मिसळतात. "आणि यापुढे तेलाला हात लावायचा नाही. ना आज, ना उद्या."

"तेलाला हात लावायचा नाही?"

"नाही. माझ्यासमोर नाही आणि माझ्या पाठीमागे तर अजिबात नाही. पाठीमागच्या फाटकानं काय जातं ते दिसतं मला."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग स्टॉलवाल्यांकडे बघितलं. "बरं साहेब," म्हणाले, आणि जाऊन तसाच, रॉकेलवर, ट्रॅक्टर बंद केला. तो एकदम बंद झाला नाही. दोन-तीनदा खोकल्यासारखा होऊन थांबला.

घरी बायकोला मी हे सांगितलं, थोडं अभिमानानंच. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "विचारलंत का त्यांना, कुठे नेतात म्हणून?"

"चोराला विचारायचं, कुठे नेतोस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. तिचा तो प्रश्न मला आवडला नाही. ती त्यांच्या बाजूची झाली, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी ट्रॅक्टर उठेना. मामांनी आतलं रॉकेल सोडून दिलं, प्लग काढून पुसले, शेगडीवर तापवले, परत लावले. मी पेट्रोल दिलं. पाऊण तास ते हँडल मारत होते. गंजिफ्रॉक पाठीला चिकटला होता. अध्यक्ष दर पाच मिनिटांनी येऊन घड्याळ बघत होते. "मामा, चार वाजता पाहुणे. बघा हं. आजोबांचा मुलगा भंगारवाल्याला फोन करून बसलाय." शेवटी दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला. मामांनी बॉनेटला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

चार वाजता पाहुणे ट्रॉलीत बसले. वाडीवाल्या आजोबांना खुर्चीसकट उचलून ट्रॉलीत ठेवलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि ट्रॅक्टर निघाला. मैदानाची एक लांब बाजू झाली. वळण झालं. दुसऱ्या लांब बाजूला, साधारण मध्यावर, इंजिनातून आवाज यायला लागला. कोणी आतून हातोडी मारतंय असा. मामांनी वेग कमी केला. आवाज वाढला. दहा पावलं पुढे गेल्यावर एक मोठा कर्कश आवाज झाला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. ट्रॉलीतले पाहुणे एकमेकांवर आदळले. आजोबांची खुर्ची दोघांनी धरून ठेवली म्हणून बरं.

मामा खाली उतरले नाहीत. स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. अध्यक्ष धावत गेले.

"काय झालं? परत मारा हँडल."

"जाम झालं साहेब. आता फिरायचं नाही."

"अहो पण का?"

मामांनी मान फिरवून मला शोधलं. मी गर्दीत होतो, त्यांना दिसलो. पण ते अध्यक्षांना एवढंच म्हणाले, "जुनं होतं."

मेळा आवरायला लागले तेव्हा मी मागच्या फाटकाजवळच्या बैलगाडीपाशी उभा होतो. कोणाच्या समोर जायला नको म्हणून तिथे गेलो होतो. ती गाडी एका विधवा बाईंची, नवऱ्याच्या हातची. गोराईकडून आणली होती. बाई चाकाच्या आसावरचं वंगण चिंधीनं पुसून घेत होत्या. शेजारी तो पाच लिटरचा पत्र्याचा डबा होता.

"हा डबा इथे कसा?" मी विचारलं.

"तुमच्या मामांचा. शुक्रवारी आणि काल सकाळी आणून दिलं. म्हणले, टाकून द्यायचं त्यापेक्षा तुमच्या आसाला घाला, लाकडाला चोळा, वाळवी लागत न्हाय. आज काय आलं न्हाय."

मी झाकण उघडलं. आत काळं, पातळ, इंजिनाचं ऑईल होतं. वास मात्र रॉकेलचाच. मी झाकण परत लावलं आणि डबा होता तिथे ठेवला.

पुढचं मला चारकोपच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं समजावलं. तो स्वतःची पाभर बांधत होता. रॉकेलवरच्या जुन्या इंजिनात न जळलेलं रॉकेल खाली झिरपून ऑईलमध्ये मिसळतं. ऑईल पातळ होतं आणि त्याला रॉकेलचा वास येतो. म्हणून रोज सकाळी निम्मं ऑईल काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. "ते केलं न्हाई तर बेरिंग जातात. आमच्याकडं लहान पोरगं पण सांगंल," तो म्हणाला. "तुमच्या डायवरनं कसं काय सोडलं?" नवं ऑईल आजोबांच्या गोठ्यातल्या पिंपातून येत होतं. ते माझ्या ताब्यात नव्हतं, म्हणून मला दिसलं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्या माणसांत रॉकेलला कोणी तेल म्हणत नाही. तेल म्हणजे इंजिनाचं.

सोमवारी ट्रक आला. मी कारखान्यात गेलो होतो.

बुधवारी मंडळाची मीटिंग झाली. मामांच्या हलगर्जीपणाबद्दल कोणीतरी बोलायला लागलं तेव्हा मी उभा राहिलो. मी मोठं काहीतरी करतोय असं मला वाटत होतं. मी सांगितलं की चूक माझी होती, मामा तेल म्हणाले ते मला रॉकेल वाटलं, मी हात लावू नका म्हणालो, ते त्यांनी ऐकलं. एवढंच सांगितलं. त्यांना चोर समजलो होतो, ते सांगितलं नाही. पेट्रोलबद्दल नाही, पाठीमागच्या फाटकाबद्दल नाही. मंडपवाला मित्र खो-खो हसत सुटला; शनिवारी जेवताना मी त्याला काय सांगितलं होतं, ते तो विसरला होता, किंवा त्यानं काढलं नाही. "अरे वाट लावलीस की ट्रॅक्टरची. तेल म्हणजे तेल ना?" अध्यक्षही हसले. पुढे कित्येक वर्षं कॉलनीत हा किस्सा सांगितला गेला. कोणी पाहुणे आले की मलाच सांगायला लावायचे. मी सांगायचो, आवाज काढून सांगायचो. आतून बायको चहा घेऊन यायची ती माझ्याकडे न बघता.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी गोवंडीला गेलो. घर सापडायला वेळ लागला. मामा दाराबाहेर फळीवर बसले होते. मी तिथेच उभ्या-उभ्या सगळं सांगितलं, या वेळी पूर्ण. तुम्हाला चोर समजलो होतो, हेही.

"ते मला शनवारीच कळलं होतं," ते म्हणाले.

"मग तुम्ही ऐकलंत का माझं? सकाळी गुपचूप काढलं असतंत..."

"चार माणसांसमोर तुम्ही पाठीमागच्या फाटकाचं बोललात. त्याच्यावर गुपचूप कसं काढू?" ते थोडे थांबले. "आणि मला वाटलं, एक फेरी निघंल. एकच तर होती. आवाज ऐकला तवाच उतरायला पायजे होतं. पण आजोबा बसले होते मागं."

आतून मुलीनं विचारलं, कोण आलंय. "कमिटीतले साहेब," ते म्हणाले. मग आवाज खाली करून मला म्हणाले, "जावयाच्या कानावर ते चोरीचं जाऊ देऊ नका. घोटाळा झाला एवढंच राहू द्या."

मला सुटल्यासारखं झालं. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, तीच आता त्यांच्या सांगण्यावरून लपवायची होती. त्यांनी खरंच जावयासाठी सांगितलं की माझी सुटका करण्यासाठी, याचा मी अजून विचार करतो.

निघताना ते म्हणाले, "ट्रॅक्टर साकीनाक्यालाच गेलाय ना? तुमच्या बाजूला?"

तो आमच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीतच होता. मी बघितला होता.

"तोडला नसंल तर मार्ग हाय. बेरिंग नवीन ओतून मिळतात, कुर्ल्याला एक कारागीर आहे. मी आजोबांशी बोलतो. त्यांनी मुलाला सांगितलं तर भंगारवाला थांबंल, शाळा पण ऐकंल. तुम्ही एवढं करा. रोज जाता-येता नजर टाका. चाकं काढायला लागले की मला कळवा. चाकं काढली की दोन-तीन दिवसांत तोडायला गॅसचा कटर लावतात. तेवढ्यात मी येतो."

मी हो म्हणालो.

शुक्रवारी आणि शनिवारी ट्रॅक्टर तसाच होता. सोमवारी होता. मंगळवारी होता. बुधवारी पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला लावून ठेवलेली दिसली. त्याच दिवशी मला गोवंडीला जायला हवं होतं. साकीनाक्याहून बसनं तासाभराचा रस्ता.

गेलो नाही. का, ते लिहायचं म्हणून तर हे सगळं लिहायला घेतलं. मामा आले असते तर आजोबांकडे गेले असते, आजोबा अध्यक्षांकडे, परत मीटिंग झाली असती, इंजिन का गेलं याची नीट चौकशी झाली असती, आणि शनिवारी संध्याकाळी स्टॉलवर उभे असलेले ते दोघं-तिघं बोलले असते. हे झालं एक. दुसरं सांगायला जास्त जड जातं. बुधवारी त्या गल्लीत उभा असताना माझ्या मनात आलं, हा माणूस ट्रॅक्टर वाचवायला येणार आहे की त्याचा मॅग्नेटो, प्लगला ठिणगी देणारा भाग, काढून न्यायला? जुन्या मॅग्नेटोला गिऱ्हाईक असतं, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. सगळं कळून चुकल्यावरही, त्यांच्या दारात उभं राहून माफी मागून आल्यावरही, हे माझ्या मनात आलं. आणि मी ते येऊ दिलं, कारण त्यामुळे मला त्या दिवशी सरळ घरी जाता आलं.

गुरुवारी मी त्या गल्लीतून गेलो, बघितलं, आणि पुढे गेलो. शुक्रवारीही. शनिवारी दुपारी कटरच्या निळ्या ज्योतीखाली इंजिनाचे दोन तुकडे झालेले बघितले.

सोमवारी मी गोवंडीला गेलो. मामा फळीवरच होते. मला लांबून येताना बघून ते उभे राहिले, आणि मी जवळ पोहोचलो तेव्हा त्यांनी विचारलं, "लागला कटर?"

"हो."

"कधी?"

"शनिवारी."

"चाकं कधी काढली?"

खोटं बोलायची वेळ होती आणि मला सुचलंही होतं. पण मी म्हणालो, "बुधवारी."

"तुम्ही बुधवारी बघितलंत."

"बघितलं."

"आजोबांनी मुलाला राजी केलं होतं," ते म्हणाले. "कुर्ल्याचा कारागीर पण हो म्हणाला होता. मी रोज इथं बसत होतो, तुमची वाट बघत."

मी काहीतरी बोलायला लागलो, कामाचं, वेळ न मिळाल्याचं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मुलगी चहा घेऊन आली. मी कप हातात धरून उभा राहिलो. ते प्यायले नाहीत. मग त्यांनी आत जाऊन सदरा घातला, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला, स्टॉपपर्यंत येतो."

मी नको म्हणालो, रस्ता आता माहीत झालाय म्हणालो. ते तरी चालायला लागले होते. बस यायला बराच वेळ लागला. ते माझ्या शेजारी उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर वाचून मला सांगत.